बाईंची काळी चार

चैताली गावंडेच्या घरात सात वाद्यं होती आणि त्यातलं एकही कुणाला वाद्य वाटत नसे. कर्वेनगरच्या सोसायटीत ती भाड्यानं राहायला आली तेव्हा सामान चढवणाऱ्या माणसानं 'खेकडा' हातात धरून विचारलं होतं, "ताई, हे भंगारात जायचंय ना?" खेकडा म्हणजे पोह्यांचा जुना स्टीलचा डबा. त्याच्या पोटात चैतालीनं स्वतः जोडलेलं सर्किट आणि दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या तांब्याच्या आठ तारा. चालू केला की तो आपला एका सुरात घुमत बसायचा, आणि ओल्या बोटांनी तारांना हात लावला की गुरगुरायचा, कण्हायचा, मधेच लाडात यायचा. 'मामंजी' नावाचं दुसरं वाद्य तिनं जुन्या रेडिओतून केलं होतं. कितीही मनधरणी करा, ते स्वतःच्या मर्जीनंच बोले, म्हणून ते नाव. पंख्याच्या रेग्युलेटरपासून केलेल्या तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

यवतमाळहून शिकायला आलेली ही मुलगी इंजिनिअर झाली, हिंजवडीला सहा वर्षं नोकरी केली आणि एके दिवशी ती सोडून हे डबे घेऊन बसली. पोटापुरते जाहिरातींसाठी आवाज करून द्यायची. अधूनमधून तिचे कार्यक्रम व्हायचे. पंचवीस खुर्च्या मांडल्या जायच्या, चौदा माणसं यायची, त्यातली नऊ डोळे मिटून ऐकायची आणि उरलेली पाच त्या नऊ जणांकडे बघायची. तिचे वडील नागोराव फोनवर विचारायचे, "काय वाजवून राहिली वं आज?"

"बाबा, ते वाजवायच्या आधी माहीत नसते."

"अन् वाजवल्यावर?"

यावर ती त्यांनाच जेवलात का विचारी. मात्र तिचं एक तत्त्व होतं, आणि त्याच्या बाबतीत ती हट्टी होती. एकदा वाजलं ते गेलं. पुन्हा तसं वाजवायचं नाही, लिहून ठेवायचं नाही, आणि रेकॉर्ड तर मुळीच करायचं नाही.

तिच्या भिंतीपलीकडे बेहेरे राहत. श्यामलाबाई बेहेरे पन्नास वर्षं गाणं शिकवत होत्या. सगळी सोसायटी त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. रोज सकाळी साडेसातला त्यांच्या बाहेरच्या खोलीत विजेचा तंबोरा लागे. हा तंबोरा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. बटण दाबलं की चार तारा छेडल्यासारखा आवाज तासभर न थकता देणारी. तिच्यावर एक चकती होती आणि चकतीचा काटा वर्षानुवर्षं 'काळी चार'वर होता. काळी चार म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. तोच बाईंचा 'सा'. ऐन पंचविशीत त्या काळी चारात गात होत्या आणि आता पंच्याहत्तरीलाही काळी चारातच गातात, हे त्यांच्या शिष्या अभिमानानं सांगत.

बाईंचे नियम चैतालीला पुरून उरतील असे होते. शिकवणीला येणाऱ्यांनी मोबाईल बाहेर चपलांच्या शेल्फवर ठेवायचा. रेकॉर्डिंग नाही. "कानात मावेल तेवढंच घरी न्या," असं त्या म्हणत. आणि हार्मोनियम घरात नको. पूर्वी होती, ती त्यांनी वारज्याच्या भाचीला देऊन टाकली. का, तर म्हणे तिनं कान बिघडतात. बाईंना पुढचं विचारायची सोय नव्हती.

पलीकडे तंबोरा लागला की चैतालीही खेकडा घेऊन बसे. बाईंनी सुराला धरून राहावं आणि आपण मोकाट सुटावं, यात तिला फार मजा वाटे. जिन्यात गाठ पडली की बाई चौकशी करत.

"काल मिक्सरचं भांडं बसत नव्हतं का गं?"

"नाही बाई, माझं वाजवणं चाललं होतं."

"असं होय. मी आपली पलीकडून म्हणत होते, उलटं फिरव, उलटं फिरव."

पण तीन वर्षांत बाईंनी 'बंद कर' असं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि तेवढ्यावर चैतालीचा त्यांच्यावर जीव होता.

नवरात्रात एके दुपारी बाईंचे यजमान रंगनाथकाका टॉवेलात काहीतरी गुंडाळून दारात उभे राहिले. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. आदल्याच आठवड्यात मोतीबिंदू काढलेला, त्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा. टॉवेलात तंबोरा होता.

"खंडेनवमीला पूजेला लागेल," काका म्हणाले. त्या दिवशी लोक हत्यारांची, गाड्यांची पूजा करतात. बेहेऱ्यांकडे तंबोऱ्याची होई. "दरवर्षी मीच उघडून साफ करतो. यंदा हात ऐकत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात डोळ्यांत धूळ जायला नको. तू ब्रश मारून दे. जरा खरखरतेय, तेवढं बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"बाकी म्हणजे काय, काका?"

"बाकी म्हणजे बाकी."

इतकी वर्षं पुण्यात राहिलेल्या मुलीला असल्या वाक्याचं गांभीर्य कळायला हवं होतं. पण उघडं सर्किट समोर आलं की चैतालीला दुसरं काही ऐकू येत नसे. तिनं पेटी उघडली. खरखर कुठून येतेय ते पाच मिनिटांत सापडलं. आत एक प्रीसेट होता, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून सूर कमीजास्त करायचा, चण्याच्या डाळीएवढा भाग. तो झिजला होता. त्याच्यावर मेणाचा थेंब होता आणि त्याच्याभोवती पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा. कारखान्यातल्या कुणीतरी ओढल्या असतील, असं म्हणून तिनं त्या स्पिरिटनं स्वच्छ पुसून टाकल्या. जुना प्रीसेट काढून, तसल्याच शेदोनशे प्रीसेटनी भरलेल्या डब्यात टाकला आणि नवा लावला.

लावताना तिला आठवलं, उघडण्याआधी पेटी चालू करून बघितली तेव्हा काटा काळी चारवर होता आणि आवाज मात्र तिथला नव्हता. तो चांगला अडीच पट्ट्या खाली, ना सफेद चार ना काळी तीन, त्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. तिला बाईंची दया आली. बिचाऱ्या, मशीन म्हातारं होऊन उतरत गेलं आणि यांना पत्ताच नाही! तिनं सूर मोजायचा मीटर लावला आणि सूर अगदी काट्याला काटा लावून काळी चारवर आणून ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. दसऱ्याला बाई खूष होतील, या आनंदात तिनं पेटीची बटणंही घासून पुसून लख्ख केली.

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला पलीकडे तंबोरा लागला. चैतालीनं खेकडा मांडीवर घेतला, चालू केला. दोन आवाज एकमेकांना बोचत होते. खेकडा बिघडला की काय, असं म्हणून ती त्याचा स्क्रू फिरवणार, तेवढ्यात पलीकडून बाईंचा आवाज वर चढला आणि वरच्या 'सा'पाशी फाटला. पुन्हा चढला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तो तिथवर गेलाच नाही. मग तंबोरा बंद झाला. तीन वर्षांत तो साडेआठच्या आत कधी बंद झाला नव्हता.

दुपारी काका आले. हातात आपट्याचं पान होतं, पण ते द्यायचं विसरून त्यांनी एकदम विचारलं, "तू काय केलंस?"

चैतालीनं हौसेनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काका खुर्चीवर बसले.

"अगं, ती उतरली नव्हती. मी उतरवली होती."

मग जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी, पन्नाशी उलटल्यावर, बाईंचा वरचा 'सा' अडकायला लागला होता. एका सकाळी त्या रियाज अर्धवट टाकून स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्यांना रडताना काकांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या खंडेनवमीला पेटी साफ करताना काकांनी प्रीसेट केसभर फिरवला, पेन्सिलीनं खूण केली आणि वर मेण लावलं. दुसऱ्या दिवशी 'सा' लागला. बाईंनी त्या दिवशी शिरा केला. तेव्हापासून दर खंडेनवमीला केसभर. काटा जागचा हलला नाही, सूर मात्र बाईंच्या गळ्याबरोबर खाली येत राहिला.

"तिला अजून वाटतं ती काळी चारात गाते," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी पंच्याहत्तरीचा कार्यक्रम आहे. हॉल घेतलाय, मुली तीन महिने तयारी करतायत, ती तासभर गाणार होती. आज सकाळी तिनं शिष्येला, अस्मिताला फोन करून सांगितलं, सगळ्यांना कळव, कार्यक्रम नाही. गळा संपला. शिकवणीसुद्धा बंद."

"काका, मला आधी सांगायचं होतं तुम्ही."

"बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगू?"

चैतालीला रडूच यायला लागलं. तिनं एका म्हाताऱ्या बाईचं गाणं बंद पाडलं होतं, आणि तेही मीटर लावून.

"जशी होती तशी करून ठेव," काका म्हणाले. "पण अगदी तशीच. जवळपास चालणार नाही. तिला केसभर फरकसुद्धा कळतो. काहीतरी गडबड आहे हे लगेच ओळखेल. आधीचं रेकॉर्डिंग असेल ना तुझ्याकडे? रोज वाजवतेस की सकाळी."

"मी रेकॉर्ड करत नाही," चैताली खालच्या मानेनं म्हणाली. बाईंच्या कुठल्या शिष्येकडे असणंही शक्य नव्हतं; सगळ्यांचे मोबाईल दाराबाहेर चपलांशेजारी पडलेले असत.

दुसऱ्या दिवशी काका पेटी टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आले. पलीकडे बाई तिच्याकडे बघतही नव्हत्या, त्यामुळे ती गेल्याचं त्यांच्या ध्यानात येण्याची भीती नव्हती. शोध सुरू झाला. चैताली स्क्रू फिरवी आणि काका कान देऊन बसत. "वर... थोडं वर... छे, गेलं. मघाशी बरं होतं." "मघाशी म्हणजे कुठलं?" "पाणी मागितलं त्याच्या आधीचं." मग काका स्वतः गुणगुणून दाखवत. छत्तीस वर्षं डायल टोन ऐकलेला माणूस. कान पक्का होता, पण गळ्याला सुराचं वावडं होतं. त्यांनी एकच सूर चार वेळा दाखवला आणि चारही वेळा तो वेगवेगळा निघाला. चैतालीनं पाच मिनिटांत चार नव्या रचना ऐकल्या; एरवी तिला किती आनंद झाला असता! तीन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी काकांना सगळेच सूर सारखे वाटायला लागले आणि चैतालीला भाजीवाल्याची हाकसुद्धा काळी तीनच्या आसपास ऐकू यायला लागली.

मंगळवार उजाडला. बाई सकाळी सातच्या बसनं मंडईला गेल्या. कर्वेनगरात भाजीची दहा दुकानं असली तरी मंगळवारी मंडईला जायचं, हा त्यांचा नेम होता, आणि गाणं सोडलं तरी तो त्यांनी सोडला नव्हता. साडेसात झाले. पलीकडे सामसूम. चैतालीचा हात सवयीनं खेकड्याकडे गेला. वाजवायची इच्छा नव्हतीच, म्हणून तिनं तारांना बोट लावलं नाही. नुसता चालू केला आणि तो आपल्या मूळ आवाजात घुमायला लागला.

पाचच मिनिटांत दारावर थापा पडल्या. काका. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"हीच! हीच ती पट्टी! बंद करू नकोस!"

चैताली खेकड्याकडे बघतच राहिली. मग तिला हळूहळू सगळं आठवत गेलं. तीन वर्षांपूर्वी राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी पलीकडचा तंबोरा ऐकता ऐकता तिनं खेकड्याचा स्क्रू कसा, कुठपर्यंत पिळला होता ते. मग दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला खेकडा जरा चढलाय असं वाटायचं आणि हवा बदलली असेल म्हणून ती तो केसभर उतरवायची. हवा कसली बदलत होती! पलीकडे काका पेटी उतरवत होते आणि इकडे ही, न कळत, त्यांच्यामागोमाग. यंदा तेवढा स्क्रू फिरवायचा राहून गेला होता, हे नशीब. रोज तासभर ती मोकाट सुटायची खरी, पण बाईंच्या 'सा'ला धरूनच. एकदा वाजलं ते गेलं म्हणणाऱ्या बाईसाहेबांनी एक सूर तीन वर्षं पोह्यांच्या डब्यात जपून ठेवला होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला.

मग काम सोपं होतं. खेकडा आणि पेटी शेजारी शेजारी चालू करून तिनं स्क्रू फिरवायला घेतला. सूर वेगळे होते तोवर दोन्ही आवाज मिळून हेलकावे खात होते. हेलकावे मंदावत गेले, आणखी मंदावले, आणि थांबले. काकांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून पुसला. चैतालीनं मेणबत्ती पेटवून प्रीसेटवर मेणाचा थेंब टाकला आणि, काकांनी सांगितलं म्हणून, पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

दोघं पेटी घेऊन पलीकडे गेली आणि ती जागेवर ठेवतायत तोच बाई मंडईची पिशवी घेऊन दारात. चैताली म्हणाली, "बाई, मी सोनं द्यायला आले होते." दसरा होऊन चार दिवस झाले होते.

"चालते का बघत होतो," काका म्हणाले आणि त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं.

तंबोरा घुमायला लागला. बाई पिशवी हातात तशीच धरून ऐकत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी काकांना विचारलं, "आणलीत का परत खाली?"

काका टॉवेलाची घडी घालायला लागले.

"अहो, बावीस वर्षं दर खंडेनवमीला तुम्ही दार लावून त्या पेटीपाशी बसता. पेटी पुसायला तास लागतो का कधी? दुसऱ्या दिवशी ती केसभर उतरलेली असते. मी काय शिवण शिकवते?"

"तुला माहीत होतं?"

"हार्मोनियम उगीच दिली का भाचीला? एक दिवस कुणीतरी पोरगी पट्टी दाबून बघणार आणि तुमचं बिंग फुटणार. मग म्हटलं, हार्मोनियमनं कान बिघडतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ओशाळून थांबला असतात. मला थांबायचं नव्हतं."

काकांनी विचारलं, "मग कार्यक्रम का मोडलास?"

बाई बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजातला नेहमीचा फटकारा गेला होता.

"यंदा एकदम वर चढवलीत. जिथून सुरुवात केली होतीत तिथे नेऊन ठेवलीत. मला वाटलं, तुम्हाला सांगायचंय की आता पुरे कर. तोंडानं म्हणवत नाहीये म्हणून पेटीकडून म्हणवलंत. तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच पुरे झालं असणार."

"अगं, मी नाही! हिनं केलं!" काकांनी बोट चैतालीकडे रोखलं. "मी फक्त साफ कर म्हटलं होतं! मी कधी म्हणेन का तुला पुरे कर?"

चैतालीनं मान खाली घातली. बाई खाली बसल्या, पदरानं डोळे टिपले, आणि डोळे टिपून झाल्यावर तिच्याकडे वळल्या.

"तू दुरुस्त केलीस?"

"हो, बाई. चुकलं माझं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग परत सापडली कशी? यांनी गाऊन तर दाखवली नसेल."

चैतालीनं खेकड्याची हकिकत सांगितली. बाईंनी ती सगळी ऐकून घेतली. "मिक्सर सुरात आहे हे मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय तीन वर्षं सहन केला असता? रविवारी तो डबा घेऊन हॉलवर ये. भिंतीआडून पुष्कळ साथ केलीस, आता समोर बसून कर. आणि तारांना हात लावायचा तर माझं झाल्यावर." मग काकांना म्हणाल्या, "अहो, अस्मिताला फोन लावा. हॉल सोडलान् की काय बघा त्या पोरीनं."

काका फोन शोधायला आत गेले. बाईंनी तंबोऱ्याशी बसून डोळे मिटले आणि 'सा' लावला. वर गेल्या. वरचा 'सा' लागला, जरासा कापरा, पण भरलेला, आणि तिथे त्या निवांत थांबल्या. आत काकांचा आवाज ऐकू आला, "हॅलो, अस्मिता? ऐक, ऐक, नुसतं ऐक!" आणि ते फोन दाराच्या दिशेनं धरून उभे राहिले.

गाणं थांबल्यावर बाईंनी चैतालीला जवळ बोलावलं.

"यांचे हात आता चालायचे नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी ही मला पुन्हा केसभर खाली लागेल."

"मी करीन, बाई. तुम्ही सांगा कधी ते."

"मी कशाला सांगू? खंडेनवमीला हे तुझ्याकडे टॉवेलात गुंडाळून घेऊन येतील. साफ करायला." बाईंनी मंडईची पिशवी पुढे ओढली आणि त्यातली मेथी निवडायला घेतली. "मला त्यातलं काही माहीत नाही."